भंगारातून वाचवलेले भोंगे : जुन्या सायरनांच्या जतनाचा आगळा छंद

७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी सराव जाहीर झाला आणि हवाई हल्ल्याची सूचना देणारा भोंगा पुन्हा चर्चेत आला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात काचांना काळे कागद चिकटवलेल्या पिढीला त्या आवाजाची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही. मुंबईच्या गिरणगावात तर पाळीची वेळ सांगणाऱ्या भोंग्यावर घराघरांतला दिवस चालत असे. काळाबरोबर गिरण्या बंद पडल्या, हातोहाती मोबाइल आले आणि छपरांवरचे भोंगे गंजत राहिले. जगाच्या काही भागांत मात्र असे गंजलेले भोंगे शोधून, खोलून, दुरुस्त करून पुन्हा बोलते करणाऱ्यांचा एक वर्ग आहे. अमेरिकेत हा छंद विशेष रुजला असून ब्रिटन आणि जर्मनीतही त्याचे उपासक आहेत.

चकती, छिद्रे आणि हवा

सायरनची मूळ कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन रॉबिसन यांनी मांडली. १८१९ मध्ये फ्रान्सच्या शार्ल कान्यार द ला तूर यांनी ती सुधारली. त्यांचे यंत्र पाण्याखालीही वाजत असे. म्हणून ग्रीक पुराणकथांतील, गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सागरकन्यांचे नाव त्यांनी या यंत्राला दिले. मोहात पाडणाऱ्या आवाजाचे नाव पुढे सावध करणाऱ्या आवाजाला चिकटले.

यंत्राची रचना साधी आहे. खाचा असलेले एक चक्र मोटरवर वेगाने फिरते. त्याच्याभोवती तशाच खाचांचे स्थिर कडे असते. चक्र मध्यभागातून हवा खेचते आणि कडेने बाहेर फेकते. दोन्हींच्या खाचा समोरासमोर आल्या की हवेचा झोत सुटतो आणि पुढच्याच क्षणी तो तुटतो. सेकंदाला असे जितके झोत सुटतील, तितकी त्या स्वराची कंपनसंख्या. चक्राला नऊ खाचा असतील आणि ते मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर सुमारे ४२० हर्ट्झचा स्वर मिळतो. जर्मनीतील ‘ई ५७’ या प्रसिद्ध भोंग्याचा स्वर हाच.

ब्रिटिश भोंग्यांत बहुधा दोन्ही टोकांना एकेक चक्र असे. एकाला दहा आणि दुसऱ्याला बारा खाचा. त्यामुळे दोन स्वर एकाच वेळी उमटत. त्यांचे गुणोत्तर सहास पाच, म्हणजे आपल्या संगीतातील षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातील अंतर. त्या आवाजातील उदास छटेचा उगम या जोडीत आहे. खाली-वर होणारा आक्रोशही ध्वनिमुद्रित नसतो. मोटरचा वीजपुरवठा थोड्या थोड्या वेळाने तोडला आणि जोडला की जड चक्राचा वेग हळूहळू उतरतो, पुन्हा चढतो. आवाज त्याच्यामागोमाग जातो. ब्रिटिश पद्धतीत, आणि तिच्या वळणाने भारतातही, असा चढउताराचा आवाज धोक्याचा आणि एकसुरी आवाज धोका टळल्याचा मानला जातो.

संग्राहकांच्या नजरेतील रत्ने

अमेरिकेत सोव्हिएत अणुहल्ल्याच्या भीतीने १९५० च्या दशकात गावोगावी भोंगे उभे राहिले. त्यांतील क्रायस्लर कंपनीचा भोंगा म्हणजे या छंदातील गजराज. १९५२ पासून तयार झालेल्या या यंत्राला १८० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. लांबी सुमारे १२ फूट, वजन सुमारे तीन टन आणि १०० फुटांवर आवाज १३८ डेसिबल. त्याच काळातील फेडरल कंपनीचा ‘थंडरबोल्ट’ वेगळ्या घडणीचा. जमिनीजवळ ठेवलेला ब्लोअर नळीतून वर हवा पाठवतो आणि खांबावरचा मोठा कर्णा सावकाश फिरत चारही दिशांना आवाज पोहोचवतो. सर्वसामान्य संग्राहकाची सुरुवात मात्र अग्निशमन केंद्राच्या छपरावरील लहान भोंग्यापासून होते.

हे भोंगे मिळतात ते नगरपालिकांच्या लिलावांत, भंगारअड्ड्यांवर किंवा पाडल्या जाणाऱ्या इमारतींवर. लॉस एंजेलिससारख्या शहरात वापरातून गेलेले भोंगे आजही खांबांवर उभे दिसतात. बेवारस दिसणारा भोंगा बेवारस नसतो, तो सार्वजनिक मालमत्ता असतो. त्यामुळे लेखी परवानगी घेऊन, क्रेन लावून, वीजजोडणी अधिकृतपणे तोडूनच तो उतरवावा, हा या छंदाचा पहिला नियम मानला जातो.

गंज उतरवण्याआधी

खाली आलेल्या भोंग्यात बहुधा पक्ष्यांची घरटी, गांधीलमाशांची पोळी आणि दशकानुदशकांची धूळ असते. मोटर फिरत नसेल तर दोष बहुतेकदा बेअरिंगमधील वाळून दगड झालेल्या ग्रीसचा असतो. अशा वेळी घाईने वीज जोडली तर उरलीसुरली वाइंडिंगही जळते. म्हणून आधी इन्सुलेशनची तपासणी, मग बेअरिंग बदलणे आणि गरज असेल तर मोटरचे रिवाइंडिंग, असा क्रम पाळला जातो.

खरी कसोटी चक्राची. फिरते चक्र आणि स्थिर कडे यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही अंशांइतकीच असते. फट वाढली तर हवा निसटते आणि आवाज दुबळा होतो, कमी झाली तर धातूवर धातू घासतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकत्र येतात तिथे खाऱ्या, दमट हवेत क्षरण लवकर होते. समुद्रकिनाऱ्यावरील भोंगे म्हणूनच अधिक खराब अवस्थेत सापडतात. झिजलेल्या चक्राचा तोल लेथवर आणि तोल साधणाऱ्या यंत्रावर पुन्हा जुळवावा लागतो. तडा गेलेले चक्र पूर्ण वेगात फुटले तर त्याचे तुकडे जीवघेणे ठरू शकतात. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासून काढणेही धोक्याचे असते.

विजेचाही एक रंजक पेच आहे. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची, तर भारत आणि युरोपातील ५० हर्ट्झची. अमेरिकी भोंग्याची नेहमीच्या प्रकारची मोटर आपल्याकडील विजेवर फिरवली, तर तिचा वेग त्याच प्रमाणात घटतो आणि स्वर सहास पाच या गुणोत्तराने खाली येतो. मूळ स्वर हवा असेल तर वारंवारिता बदलणारे उपकरण लागते.

दुरुस्त झाला, पण वाजवायचा कुठे?

या छंदातील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. या हिशेबाने ३० मीटरवर १२० डेसिबल असलेला आवाज मोकळ्या माळावर एक किलोमीटरपलीकडेही ९० डेसिबलच्या आसपास राहू शकतो. जवळ उभ्या असलेल्याच्या कानांना त्यातून कायमची इजा होऊ शकते. म्हणून जाणते संग्राहक चाचणी कमी वेगावर घेतात, कानांवर संरक्षक लावतात आणि पूर्ण वेगात वाजवायचे तर वस्तीपासून दूर जागा निवडून पोलीस व शेजाऱ्यांना आधी कळवतात. ध्वनिक्षेपकांनी ग्रासलेल्या आपल्या समाजाला ही शिस्त अपरिचित वाटेल. परंतु येथे प्रश्न केवळ गोंगाटाचा नाही. भोंगा म्हणजे समाजाने आपसांत केलेला करार आहे. तो वाजला की धोका आहे, हे सर्वांनी मान्य केलेले असते. विनाकारण वाजलेला प्रत्येक भोंगा त्या करारावरील विश्वास थोडा कमी करतो. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने वृत्तवाहिन्यांना कार्यक्रमांत या आवाजाचा वापर टाळण्यास सांगितले, त्यामागील कारणही हेच होते.

विश्वासाबरोबर अर्थही स्पष्ट असावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांतील लाहायना शहर वणव्यात जळाले आणि सुमारे १०० जणांचा बळी गेला, तेव्हा तेथील भोंगे वाजवले गेले नाहीत. भोंगा म्हणजे त्सुनामी अशी लोकांची समजूत असल्याने ते डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच दिशेने धावले असते, असे समर्थन संबंधित अधिकाऱ्याने केले. त्यावर कठोर टीका झाली. यंत्रणा जागेवर असून तिचा अर्थ ठरलेला नसेल, तर तिची किंमत काय, हा प्रश्न त्या टीकेतून पुढे आला.

अडगळ की शहाणपण?

शीतयुद्ध संपल्यावर ब्रिटन आणि जर्मनीने १९९० च्या दशकात भोंग्यांचे देशव्यापी जाळे गुंडाळले. जर्मनीत सप्टेंबर २०२० मध्ये सूचना यंत्रणेची देशभर चाचणी झाली, ती फसली. मोबाइलवरील इशारे उशिरा पोहोचले आणि अनेक ठिकाणी वाजवायला भोंगाच उरला नव्हता. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या महापुरात तेथे १८० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर भोंग्यांसाठी सरकारी निधी देण्यात आला. फ्रान्समध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी आणि नेदरलँड्समध्ये पहिल्या सोमवारी दुपारी भोंग्यांची चाचणी घेण्याची रीत आहे. भारतात २०२३ पासून मोबाइलवर थेट इशारा पाठवण्याच्या चाचण्या झाल्या. मात्र झोपलेल्या, मोबाइल बंद असलेल्या किंवा शेतात राबणाऱ्या माणसापर्यंत भोंगा आजही आधी पोहोचू शकतो.

नवे भोंगे इलेक्ट्रॉनिक असतात. ते बोलूही शकतात, वीज गेल्यावर बॅटरीवर चालतात. यांत्रिक भोंग्याला मात्र परिसराच्या आठवणी चिकटलेल्या असतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दूरदर्शन संच व मोबाइल दीड तास बाजूला ठेवले जातात. जुन्या साधनाला नवा सामाजिक अर्थ देता येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

महाराष्ट्रात आणि आसपासच्या जुन्या मराठी वस्त्यांत कारखाने, गिरण्या आणि नगरपालिकांच्या छपरांवर असे भोंगे अजूनही दिसू शकतात. इमारत पाडली जाते तेव्हा ते किलोच्या भावाने विकले जातात. सर्वांनीच ते घरी आणून दुरुस्त करावेत, असे कोणी म्हणणार नाही. तथापि भोंगा उतरवण्यापूर्वी त्यावरील उत्पादकाची पट्टी नोंदवणे, छायाचित्र काढणे, तो कधी आणि कशासाठी वाजत असे हे वृद्धांकडून लिहून घेणे, आणि शक्य असल्यास रीतसर परवानगीने तो एकदा वाजवून ध्वनिमुद्रित करणे, एवढे तर ग्रामपंचायत, वाचनालय किंवा शाळाही करू शकते. लोखंड पुन्हा ओतता येते. विरून गेलेला आवाज पुन्हा मिळवणे फार कठीण असते.