नाव पटावर आहे, पण पोरगी वर्गात आहे का?

पोरगी शाळेत जाते का, असं विचारलं की आपण चटकन म्हणतो, “हो, नाव आहे ना!” पण पट वेगळा आणि हजेरी वेगळी. आज आपण हजेरीचं बोलू.

आठवीपर्यंत बरं चालतं. दुपारची खिचडी आठवीपर्यंत, शिक्षण हक्काचा कायदाही चौदा वर्षांपर्यंतच. नववीत दोन्ही सुटतात, आणि मग जशी शाळा तशी हजेरी.

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या गावातल्या हायस्कुलात हजेरी कापसावर चालते. दिवाळीच्या आगेमागे वेचणी जोरात असते, मजूर मिळत नाहीत, मग नववी-दहावीची पोर शेतात जाते. ती परत येईपर्यंत गणित पुढे निघून गेलेलं असतं. दुसरं कारण एसटी. मुलींना पास फुकट, पण गाडीच आली नाही तर पास काय कामाचा? २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात ते आपण पाहिलंच.

चोपडा, यावल, शिरपूर, साक्री भागातल्या आश्रमशाळांचं निराळं आहे. मुली तिथेच राहतात, जेवतात, त्यामुळे रोजची दांडी कमी. पण बुडते ती एकदम महिना-महिना. दिवाळीच्या सुट्टीनंतर आईबाप ऊसतोडीला निघतात आणि धाकटी भावंडं सांभाळायला तिला सोबत नेतात. कधी भोंगऱ्या-होळीला पोरगी घरी येते आणि परत पाठवायचं राहून जातं. सणाला आम्ही दोष देत नाही. परत सोडायला जाणारं कुणी नसतं, ही खरी अडचण.

शहरात अकरावी-बारावी विज्ञानाला तिसरीच तऱ्हा: नाव कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासला. हे थांबवायला सरकारनं २०१८ मध्ये अंगठ्याच्या हजेरीचा आदेश काढला होता. आम्हाला खटकतं ते हे, की एकाच घरात भावाच्या क्लासला पैसे निघतात आणि बहिणीची शाळा वेचणीपायी बुडते. गैरहजर दोघंही, पण नुकसान तिचं.

कारण दहावी-बारावीला बसायला बोर्डाचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे. समजा शाळा २०० दिवस भरली, तर १५० दिवस हजेरी हवी. वेचणीचा महिना, चार लग्नं, एक आजारपण, की झाले पन्नास दिवस!

पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं वर्गशिक्षकांना एवढंच विचारून यावं: “या महिन्यात शाळा किती दिवस भरली, आणि आमची किती दिवस आली?” दिवाळीनंतरच्या महिन्याचा आकडा आधी विचारा.