कराड उत्तर : बेरजेत न बसणारी मते

कराड उत्तरच्या उमेदवाराला कराड शहरात मते मागायला जावे लागत नाही. आजच्या रचनेत शहर दक्षिणेत आहे. उत्तरेच्या वाट्याला उंब्रज, मसूर, रहिमतपूर, नागठाणे, पुसेसावळी अशी बाजाराची गावे आली आहेत. कराड, सातारा, कोरेगाव आणि खटाव या चार तालुक्यांचे तुकडे जोडून हा मतदारसंघ उभा आहे. नकाशात तो एकसंध दिसतो. पण पुसेसावळीकडचा शेतकरी पाण्यासाठी भांडतो आणि कृष्णाकाठचा उसाच्या तोडीसाठी. मधोमध पुणे-बंगळूर महामार्ग आणि त्या महामार्गावर, तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथे, उंब्रज. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. मतमोजणीच्या दिवशी मात्र गावात प्रश्न एकच असतो : उंब्रजातून लीड कुणाला?

या भागाची निवडणुकीची गोष्ट यशवंतराव चव्हाणांपासूनच सुरू करावी लागते. 1946 मध्ये ते मुंबई विधिमंडळात गेले आणि 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कराड उत्तरमधून निवडून आले. 1957 ची निवडणूक त्यांनी मुख्यमंत्री म्हणून लढवली. संयुक्त महाराष्ट्राचे वारे असे होते की पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे भलेभले आडवे झाले आणि खुद्द मुख्यमंत्री कराडमधून जेमतेम तरले. आज त्यांच्या पुण्यतिथीला, 25 नोव्हेंबरला, सगळ्या पक्षांचे नेते प्रीतिसंगमावर समाधीपुढे हात जोडतात. त्यातल्या किती जणांना आठवत असेल, की याच कराडने आपल्या लाडक्या साहेबांना एकदा घाम फोडला होता? 1962 ला ते पुन्हा आरामात निवडून आले आणि त्याच नोव्हेंबरात चीन युद्धाच्या धामधुमीत संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले.

यशवंतराव दिल्लीला गेले तरी त्यांच्या माणसांनी इथली घडी मोडू दिली नाही. त्यातले ठळक नाव पी. डी. पाटील. कराडचे नगराध्यक्षपद त्यांनी चार दशकांहून अधिक काळ सांभाळले. ते आमदारही झाले. पण या लेखाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम म्हणजे यशवंतनगरचा सह्याद्री सहकारी साखर कारखाना. मधल्या काळात श्यामराव अष्टेकर काँग्रेसचे आमदार होते, राज्यात मंत्रीही होते. 1999 मध्ये राष्ट्रवादीची स्थापना झाली आणि पी. डीं.चे चिरंजीव बाळासाहेब पाटील विधानसभेत पोचले. कागदोपत्री त्यांचे नावही श्यामराव. 2004 ला पुन्हा तेच. 2009 ला पक्षाचे चिन्ह नव्हते, तरी अपक्ष म्हणून तेच. 2014 आणि 2019 ला पुन्हा घड्याळावर. सलग पाच वेळा! शेवटच्या खेपेला ते सहकारमंत्रीही झाले.

चिन्ह नसताना माणूस निवडून येतो, याचे उत्तर उसाच्या फडात आहे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. नोंद कधीची, जात कोणती, यावरून तोडीचा क्रम लागतो आणि चिटबॉय तोडीची चिट घेऊन बांधावर येतो. चिट महिनाभर लांबली तर वजन घटते, तुरे येतात, पुढच्या पिकाचे गणित बिघडते. या सगळ्यात पक्षपात होतोच असे नाही. पण तो होऊ शकतो एवढी जाणीवही गावात पुरते. शिवाय कारखान्याचा गट, सोसायटीचे संचालक, गावातला पॅनेलप्रमुख ही साखळी बाराही महिने चालू असते. पक्षाची शाखा निवडणुकीपुरती उघडते.

मग ही साखळी 2024 ला तुटली कशी? चहाच्या टपरीवर मिळणारे उत्तर असे : आजवर विरोधक फुटायचे, या वेळी एक झाले. उत्तर सोपे आहे, पण आकड्यांत अर्धेच बसते. 2014 ला बाळासाहेबांना 78,324 मते होती. काँग्रेसच्या धैर्यशील कदमांना 57,817 आणि स्वाभिमानीकडून लढलेल्या मनोज घोरपडेंना सुमारे 44 हजार. या दोघांची बेरीज लाखावर जाते, म्हणजे त्या वेळी फाटाफूट पाटलांच्या कामी आली, हे खरे. 2019 ला पाटील 1,00,509. घोरपडे अपक्ष, 51,294. कदम शिवसेनेकडून, सुमारे 40 हजार. ही बेरीज पाटलांच्या आकड्यापर्यंत पोचत नाही. एकास एक लढत झाली असती तरी पाटील पडले असते, असे आकडे म्हणत नाहीत.

आता 23 नोव्हेंबर 2024 चा निकाल पाहा. भाजपकडून मनोज घोरपडे 1,34,626, बाळासाहेब 90,935. पाटलांची मते साडेनऊ हजारांनी घटली, पण ते कोसळले नव्हते. घोरपडेंची मते मात्र 2019 मधल्या स्वतःच्या आणि कदमांच्या बेरजेपेक्षाही 43 हजारांनी जास्त, जवळपास मताधिक्याएवढीच. हा नवा मतदार ना पाटलांच्या गटाचा, ना जुन्या विरोधकांचा. लाडकी बहीण, वाढलेले मतदान, मुंबई-पुण्यातून मतदानाला आलेली पोरे, पंचवीस वर्षे तेच तेच नाव पाहून आलेला कंटाळा; यातले कशाचे वजन किती, हे ठामपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीकडे गेल्या. शेजारी दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाणांना अतुल भोसलेंनी हरवले. तेव्हा सगळा दोष किंवा सगळे श्रेय उत्तरेतल्या दोन माणसांच्या गळ्यात घालणे बरोबर नाही.

विधानसभेच्या या निकालाआधी सहाच महिने लोकसभेला वेगळाच तमाशा झाला होता. साताऱ्यात उदयनराजे 32,771 मतांनी जिंकले आणि ‘पिपाणी’ चिन्हावरच्या अपक्षाला त्याहून जास्त, 37,062 मते पडली. आपल्या उमेदवाराची तुतारी समजून पिपाणीपुढचे बटण दाबले गेले, असे पराभूत शशिकांत शिंदेंचे समर्थक आजही सांगतात.

या भागात पाण्याचे आणि रस्त्याचे प्रश्न आमदारांपेक्षा जुने आहेत. मसूरच्या पूर्वेकडे हणबरवाडी-धनगरवाडी उपसा सिंचन योजनेवर किती निवडणुका निघाल्या, याची मोजदाद नाही. उंब्रजकरांचे दुखणे महामार्गाचे. भराव टाकून केलेल्या पुलाने गावाचे दोन भाग होतात, म्हणून खांबांवरचा, खालून आरपार दिसणारा पूल हवा, ही त्यांची मागणी. त्या भरावाच्या भिंतीमागे ज्याचे दुकान आहे, त्याला कारखान्याचा चिटबॉय काहीच करू शकत नाही. त्याच्याशी बोलायला उसाच्या राजकारणाकडे भाषाच नव्हती, आणि त्याच्यासारख्यांची संख्या दर निवडणुकीला वाढत गेली.

विधानसभेनंतर पाच महिन्यांच्या आत, एप्रिल 2025 मध्ये, सह्याद्रीची निवडणूक लागली. नवे आमदार समोर होते, सत्ता त्यांची होती, हवा त्यांची होती. विरोधकांची मात्र पुन्हा दोन पॅनेल झाली. बाळासाहेबांच्या पॅनेलने 21 पैकी 21 जागा घेतल्या. नोव्हेंबरात ज्यांनी कमळ दाबले, त्यांतल्या काही सभासदांनी एप्रिलमध्ये पाटलांच्या पॅनेलवर शिक्का मारलाच असणार. आमदार कोण हे एक, आणि आपला ऊस वेळेवर कोण नेतो हे दुसरे, असा हिशेब गावोगावच्या सोसायट्यांत उघडपणे मांडला जात होता.