गुणफलक, संगणकीय खेळांतील
एखाद्या खेळात निरनिराळ्या खेळाडूंनी मिळविलेले गुण उतरत्या क्रमाने मांडून प्रत्येकाचे स्थान दर्शविणाऱ्या तक्त्यास गुणफलक किंवा लीडरबोर्ड म्हणतात. ब्राउझरमध्ये खेळल्या जाणाऱ्या खेळांचा सामाईक फलक खेळाडूच्या संगणकावर नसून दूरच्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये असतो. खेळ आणि डेटाबेस यांच्यातील देवाणघेवाण एपीआय या ठराविक संदेशव्यवस्थेमार्फत होते.

नाणे टाकून चालविण्याच्या यंत्रांत या कल्पनेचा उगम आहे. जपानमधील टायटो कंपनीच्या स्पेस इनव्हेडर्स (१९७८) या खेळात पडद्यावर केवळ सर्वोच्च गुणसंख्या दिसे. ती कोणाची, हे कळत नसे. अटारी कंपनीच्या ॲस्टेरॉइड्समध्ये (१९७९) खेळाडूस आपली तीन आद्याक्षरे नोंदविता येऊ लागली. मात्र वीजपुरवठा बंद होताच ही यादी पुसली जाई आणि ९९,९९० च्या पुढे गुण पुन्हा शून्यापासून मोजले जात. निरनिराळ्या गावांतील यंत्रांवरील विक्रम एकत्र आणण्याचे काम वॉल्टर डे यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यातील ऑटमवा येथे ट्विन गॅलॅक्सीज या नावाने १९८२ मध्ये सुरू केले. त्या काळी विक्रमाची शहानिशा माणसे करीत. आता ते काम बव्हंशी सर्व्हरवर येऊन पडले आहे.

रचना : खेळाच्या पृष्ठातून थेट डेटाबेसशी संपर्क साधणे वर्ज्य मानावे लागते, कारण पृष्ठातील आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि तीत ठेवलेला परवलीचा शब्द गुप्त राहत नाही. म्हणून मध्ये एपीआयचा पहारा असतो. गुण नोंदविण्यासाठी पोस्ट व यादी मागविण्यासाठी गेट या दोन प्रकारच्या विनंत्या बहुधा पुरतात. आलेले नाव डेटाबेसच्या आज्ञेत जसेच्या तसे जोडले, तर नावाच्या मिषाने आज्ञाच घुसविता येते. त्यामुळे ते आज्ञेपासून अलग मूल्य म्हणून द्यावे लागते. इतरांच्या पडद्यावर दाखवितानाही ते केवळ मजकूर म्हणूनच उमटेल, अशी व्यवस्था करणे अगत्याचे असते.

तक्त्याच्या प्रत्येक ओळीत खेळाडूचा क्रमांक, गुण आणि नोंदीची वेळ ठेवतात. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असावी, कारण खेळाडूच्या संगणकाचे घड्याळ त्याला हवे तसे फिरविता येते. प्रत्येकाची फक्त सर्वोत्तम नोंद ठेवावयाची असल्यास एक सूक्ष्म अडचण उद्‌भवते. समजा, जुनी नोंद ३०० असून एकाच खेळाडूकडून ५०० व ४५० हे गुण जवळजवळ एकाच वेळी आले. दोन्ही विनंत्यांना ३०० हाच आकडा आढळतो, दोन्ही लिहावयास निघतात आणि नंतर लिहिला गेलेला ४५० हा ५०० ला पुसून टाकतो. ‘नवे गुण जुन्यापेक्षा अधिक असतील तरच बदल करावा’ ही अट वाचन व लेखन यांत न विभागता डेटाबेसच्या एकाच आज्ञेत घातली म्हणजे हा दोष टळतो.

क्रमनिश्चिती : गुणांवर अनुक्रमणिका केली असता पहिल्या दहा नोंदी चटकन मिळतात. रूडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली बी-वृक्ष ही रचना यासाठी सर्रास वापरतात. ‘माझा क्रमांक कितवा?’ हा प्रश्न त्याहून कठीण आहे. साध्या बी-वृक्षात वरच्या सर्व नोंदी मोजाव्या लागतात. म्हणजे दहा लाख खेळाडूंत मधल्या खेळाडूसाठी सुमारे पाच लाख नोंदी. विल्यम प्यू यांच्या स्किप-लिस्ट या रचनेतील प्रत्येक दुव्याबरोबर तो किती नोंदी ओलांडतो हेही लिहून ठेवले, तर साधारण वीस-चाळीस पायऱ्यांत उत्तर मिळते. रेडिस या डेटाबेसमधील क्रमबद्ध संच याच तत्त्वावर चालतात. काही हजार खेळाडूंच्या खेळास मात्र एवढा खटाटोप अनावश्यक होय. समान गुण असल्यास १, २, २, ४ असे क्रम देतात किंवा आधी गुण मिळविणाऱ्यास वरचे स्थान देतात. कोणता नियम लागू आहे, हे खेळाडूंना आधी सांगणे न्याय्य ठरते.

विश्वसनीयता : गुणफलकाची खरी कसोटी येथेच लागते. पृष्ठ खेळाडूच्या संगणकावर चालत असल्याने ‘९,९९,९९९ गुण मिळाले’ असा संदेश न खेळताही पाठविता येतो. संदेशावर सांकेतिक सही करण्याचा उपाय पुष्कळदा सुचविला जातो. पण सहीची किल्ली पृष्ठाबरोबर खेळाडूच्याच हाती गेलेली असते, त्यामुळे त्याने फक्त आळशी लबाडास अटकाव होतो. सर्व्हरने खेळ सुरू झाल्याची वेळ नोंदवून त्या अवधीत अशक्य असलेले गुण नाकारणे हे अधिक उपयुक्त, तरी अपुरे आहे.

सर्वांत भक्कम उपाय म्हणजे गुणांऐवजी खेळच मागविणे. यादृच्छिक संख्यांचे बीज सर्व्हर पुरवितो, खेळाडूने कोणती कळ कोणत्या क्षणी दाबली याची नोंद परत येते आणि सर्व्हर तोच डाव पुन्हा चालवून गुण स्वतः काढतो. डूम (१९९३) या खेळात सेकंदास ३५ या प्रमाणात केवळ खेळाडूच्या हालचाली साठवून पूर्ण डाव पुन्हा दाखविता येत असे. यासाठी सारख्या हालचालींतून प्रत्येक यंत्रावर सारखाच परिणाम निघावा लागतो. म्हणून दशांश अपूर्णांकांच्या गणितात यंत्रागणिक पडू शकणारे बारीक फरक टाळून पूर्णांकांवर आधारलेले गणित वापरणे श्रेयस्कर. एवढे करूनही कळा माणसाने दाबल्या की आज्ञावलीने, याचा उलगडा होत नाही. बक्षीस असलेल्या स्पर्धेत वरच्या काही नोंदी माणसाने तपासणे अपरिहार्य ठरते. करमणुकीपुरत्या खेळात मात्र वाजवी मर्यादा आणि संशयास्पद नोंद काढून टाकण्याची सोय पुरेशी होते.

फलकावर टोपणनाव पुरते. खरे नाव किंवा पत्ता मागण्याचे कारण नसते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी पालकाची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे.