तुम्हाला गाडी दिसते, गाडीवाल्याला तुम्ही दिसता का?

मागच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे सहा वाजले असतील. येडशीकडून धाराशिवला बाइकवर येत होतो. थंडी अशी की हेल्मेटची काच आतून धुरकटत होती. समोरून एक ट्रक अप्पर मारत आला आणि दोन सेकंद डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा. ट्रक गेला, तर माझ्या हेडलाइटच्या उजेडात अगदी टोकाला काहीतरी पिवळं चमकलं. काजव्यासारखं. वर, खाली, वर, खाली. मी ब्रेक दाबला. तो काजवा म्हणजे सायकलच्या पायडलचा रिफ्लेक्टर होता. सायकलवर विशीतला मुलगा. काळं जॅकेट, काळी पँट, काळी कानटोपी, पाठीवर काळी सॅक. मागचा लाल रिफ्लेक्टर होता म्हणा, पण कॅरिअरला बांधलेली डब्याची पिशवी नेमकी त्याच्यावरच लोंबत होती.

थांबलो आणि जरा चिडूनच म्हणालो, "अरे, दिसतच नाहीस तू!" तर हा शांतपणे म्हणतो, "असं कसं? तुमचा उजेड मला कवाच दिसलाय की. म्हणून तर कडंला घेतली सायकल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला मी दिसलो होतो. आणि म्हणूनच त्याला वाटत होतं की मलाही तो दिसला असणार. अंधारात सायकल चालवणारे आपण सगळेच हे गृहीत धरतो. एवढा मोठा उजेड आपल्या अंगावर पडलाय म्हटल्यावर उजेडवाल्याला आपण दिसणार नाही, हे पटतच नाही.

आता जरा हिशेब करू. अवघड नाही, दहावीचं गणित आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर गेले. त्यानंतर गाडी थांबायला आणखी २०-२५ मीटर लागतात. एकूण झाले ४५ ते ५०. आणि डिपरच्या उजेडात काळ्या कपड्यातला माणूस ओळखू येतो तो साधारण २५ ते ३० मीटरवर. म्हणजे तुम्ही दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. गाडीवाला दारू प्यालेला नसेल, मोबाइलवर बोलत नसेल, अगदी गुणी माणूस असेल, तरीही! हे गणित कोणाच्या स्वभावावर चालत नाही.

त्यात आपला हिवाळा. २२ डिसेंबरच्या आसपास सगळ्यात लहान दिवस असतो, हे शाळेत शिकलोय. पण सगळ्यात उशिरा उजाडतं ते त्या दिवशी नाही. धाराशिवमध्ये सूर्य सगळ्यात उशिरा, म्हणजे सातच्या सुमाराला उगवतो तो जानेवारीच्या मध्यात, ऐन संक्रांतीच्या दिवसांत. आणि सगळ्यात लवकर, पावणेसहाच्या सुमाराला मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी. म्हणजे संध्याकाळी दुकानातून, क्लासमधून घरी जाणाऱ्यांनी दिवाळीनंतर लगेच जपायचं. आणि पहाटे पेट्रोल पंपावर, बेकरीत, दूध संकलन केंद्रावर, कौडगावच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांचा खरा अंधार नवीन वर्षात असतो. गंमत बघा, नेमक्या त्याच जानेवारीत आपण हौसेनं काळे कपडे घालतो. संक्रांतीला घालाच, मी कोण नको म्हणणारा. पण काळी हुडी आपण चार महिने अंगावरून काढत नाही, त्याचं काय?

उसाचे दिवस

दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट उतरते, ती म्हणजे ऊस. गाळप हंगाम सुरू झाला की ढोकी, रांजणी, मुरूमच्या बाजूला रात्रंदिवस ट्रॅक्टर पळतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात उंच रचलेला ऊस, बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर आलेली वाढी. मागचा दिवा असला तरी वाढ्यांनी झाकलेला. रिफ्लेक्टर लावायला दर हंगामात सांगितलं जातं आणि दर हंगामात बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या दिसतातच. गाणी मात्र ठणाणा वाजत असतात. गाणं ऐकू येतं, ट्रॉली दिसत नाही.

समोरून येणारा एका डोळ्याचा ट्रॅक्टर तर तुम्ही पाहिलाच असेल. एकच हेडलाइट चालू. लांबून वाटतं मोटारसायकल आहे, जाईल बाजूने. जवळ आल्यावर कळतं की रस्ता भरून ऊस येतोय. अंधारात समोर एकच दिवा दिसला तर तो ट्रॅक्टरच आहे असं धरून चाला. चुकलात तरी नुकसान काही नाही.

काही गोष्टी मात्र आपल्याच हातात आहेत, आणि त्या आपणच करतो. चालत्या ट्रॉलीला एका हातानं धरून सायकल ओढून घ्यायची, नाहीतर सायकलवरूनच टिपरू उपसायचं. लहानपणी केलं नाही असा पोरगा आपल्याकडे शोधून सापडणार नाही. पण मागची ट्रॉली सरळ चालत नाही, झोकांडी खाते. खड्डा आला की दोन-तीन फूट इकडची तिकडे होते. म्हणून ट्रॉलीच्या डावीकडून, ट्रॉली आणि साइडपट्टीच्या मधल्या फटीतून तर कधीच घुसू नका. मागे राहा, वास घ्या उसाचा, पाच मिनिटं उशीर होऊ द्या.

आणि ते दगड. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला दगड लावतात. पंक्चर निघतं, ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात. मोटारीला ते दगड दिसतात तरी. बिनदिव्याच्या सायकलला नाही. हँडलवरून पलटी होऊन हात मोडलेले लोक तुमच्याही गावात असतील.

रेडियमच्या दुकानात

इथं रिफ्लेक्टरचं थोडं विज्ञान सांगायला हवं, कारण यात फसवणूक फार आहे. आपण ज्याला 'रेडियम' म्हणतो त्यात रेडियम नसतं. खरा रिफ्लेक्टिव्ह टेप म्हणजे बारीक काचमणी किंवा अगदी छोटे तीन-कोनी आरसे बसवलेला पट्टा. त्याची करामत एकच. ज्या दिशेनं उजेड आला, त्याच दिशेला तो परत पाठवायचा. हेडलाइट गाडीचा, म्हणून उजेड गाडीवाल्याच्याच डोळ्याकडे परत जातो. साधा आरसा असं करत नाही, तो उजेड भलतीकडेच फेकतो. सायकलला मागे जुनी सीडी बांधायची पद्धत आहे ना, तिचा दोष हाच. सीडी एका विशिष्ट कोनात झगमगते, बाकी वेळ गप्प.

भडक पोपटी किंवा केशरी जॅकेट घेतलं म्हणजे झालं, हाही एक गैरसमज. ते रंग सूर्याच्या उजेडातल्या अतिनील किरणांवर चमकतात. दिवसा आणि संधिप्रकाशात उत्तम. पूर्ण अंधारात हेडलाइटसमोर त्यांचा फारसा उपयोग नाही. जॅकेटवरचे चंदेरी पट्टे कामाचे, रंग नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी रात्री बंद रस्त्यावर याची चाचणी घेतली. २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. गाडी चालवणाऱ्यांनी काळ्या कपड्यातला सायकलस्वार १०० पैकी फक्त दोन वेळा ओळखला. भडक रंगाच्या जॅकेटला १५. रिफ्लेक्टिव्ह जॅकेटला ५०. आणि त्याच जॅकेटबरोबर घोट्याला आणि गुडघ्याला रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या बांधल्या, तर ९०!

का? कारण वरखाली होणारा ठिपका पाहिला की मेंदू क्षणात सांगतो, हा माणूस आहे आणि पायडल मारतोय. जागच्या जागी चमकणारा ठिपका खांब असू शकतो, किलोमीटरचा दगड असू शकतो. तो येडशीच्या रस्त्यावरचा मुलगा मला दिसला तो पायडलमुळेच. म्हणून पैसे कमी असतील, एकच गोष्ट करायची असेल, तर घोट्यापासून सुरुवात करा. दोन्ही घोट्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्टी. पँटचा पायचा साखळीत अडकत नाही हा वरचा फायदा.

पट्टी कुठं मिळेल? नंबरप्लेट बनवणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. गाड्यांना लावायचा लाल-पांढरा टेप हातभर घ्या, दोन-चार वडापावच्या पैशात काम होतं. ओळखीचा असेल तर कातरण फुकटही देईल. पण घेण्याआधी विचारा आणि पारखा, कारण त्याच्याकडचं निम्मं रेडियम नुसतं चकचकीत रंगाचं स्टिकर असतं, रिफ्लेक्टिव्ह नसतं.

पारखायचं कसं? मोबाइल आहेच हातात. रात्री मित्राला सायकलवर बसवून वीस-तीस पावलांवर उभं करा, मागून फ्लॅश मारून फोटो काढा. फ्लॅश आणि कॅमेऱ्याची भिंग शेजारी-शेजारी असतात, हेडलाइट आणि गाडीवाल्याच्या डोळ्यांसारखी. फोटोत जे चमकलं, तेच रस्त्यावर चमकणार. फोटो काळाकुट्ट आला, तर मित्राला तो दाखवा. पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा हा फोटो जास्त बोलतो. एरवी दिवसभर सेल्फी काढतोच की आपण.

घरातल्या सायकली याच पद्धतीनं तपासा. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली आपल्याकडे घराघरात आहेत. ताईची बारावी झाली की तिच्यावर भाऊ कामाला जायला लागतो. तोवर मागचा रिफ्लेक्टर फुटलेला, चाकातले कधीच पडलेले, उरलेल्यावर चार वर्षांचा चिखल. ओल्या फडक्यानं पुसा आधी. केंद्र सरकारनं २०२० मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी आदेश काढला, तो नव्या मालासाठी. जुन्या सायकलचं आपणच बघायचं.

आजोबांना विचारा, ते सांगतील की एकेकाळी रात्री दिवा नसलेली सायकल दिसली की पोलीस धरायचे, चाकाची हवा सोडायचे. आधी घासलेटचा दिवा, मग डायनामो. आता कुणी धरत नाही, म्हणून दिवाही गेला. डायनामोला एक खोड होतीच. सायकल थांबली की दिवा बंद. आताचे मोबाइलच्या चार्जरवर चालणारे छोटे दिवे त्या मानानं फारच सोयीचे. पुढे पांढरा, मागे लाल, उलट कधीही नाही. लाल दिवा दिसला की मागचा माणूस समजतो की ही गाडी माझ्याच दिशेला चाललीय. पुढचा दिवा खाली रस्त्याकडे झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका. मोबाइलची टॉर्च दातात धरून चालवणारे महाभाग मी पाहिलेत. हातात धरणारे तर कितीतरी. एक हात ब्रेकवरून गेला, एवढंच त्यातून साधतं.

आणि काट वाचवायला महामार्गावर राँग साइडनं येऊ नका. सोलापूर-धुळे रस्ता चौपदरी झाल्यापासून दुभाजकातली फट लांब असते, मान्य. पण राँग साइडला तुमचा मागचा लाल दिवा, लाल रिफ्लेक्टर, सगळं उलट्या बाजूला जातं. तुमचा आणि गाडीचा वेग एकमेकांत मिळवला जातो तो वेगळाच. डावीकडूनच चला, पण साइडपट्टीच्या अगदी कडेला लटकत नाही. डांबर आणि मुरमातल्या उंबऱ्यावरून चाक घसरलं की सायकल रस्त्याच्या आतच पडते. समोरून अप्पर आला तर दिव्याकडे बघू नका, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघा. काहीच दिसेनासं झालं तर उतरा. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्यांचं गणित उलटं आहे. त्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेनं, गाड्यांकडे तोंड करून पळायचं. इअरफोन मात्र दोघांनीही खिशात ठेवायचे.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला लोक रात्रभर चालत जातात, तेव्हा त्या रस्त्यावरची वाहतूकच दुसरीकडे वळवतात. त्या रात्री रस्ता पायांचा असतो. बाकीच्या रात्री तो हेडलाइटवाल्यांचा असतो आणि सायकलवाल्याला त्यात स्वतःची जागा दाखवून द्यावी लागते. हे न्याय्य आहे का? नाही. रस्त्यावर दिवे असावेत, ट्रॉलीला रिफ्लेक्टर असावेत, हे ज्यांचं काम आहे त्यांना विचारलंच पाहिजे. पण ते होईपर्यंत उद्या सकाळची शिफ्ट चुकत नाही.

हे पान ज्यानं तुमच्या दारात टाकलं तोही बहुतेक कुठल्यातरी कॉलेजात आहे, आणि तो आला तेव्हा उजाडलेलं नव्हतं. हातभर टेप घेतलात तर त्यातला वीतभर त्याला द्या. आणि थोडा घरासाठी ठेवा. या आठवड्यात शेतातली लाइट रात्रीची असेल, तर मोटर चालू करायला दोन वाजता तुमचे वडील किंवा काका त्याच जुन्या सायकलवर निघणार. अंगावर काळं घोंगडं घेऊन.