बडोद्याच्या कोरड्या हवेत नेचे

जुन्या विहिरीत डोकावून पाहा. पाण्याच्या वर, दगडांच्या सांधीत काळ्या तारेसारख्या देठांची नाजूक हिरवी पाने लोंबताना दिसतात. हा हंसराज, नेच्यांपैकी एक. त्याला कोणी लावलेले नसते. तिथे ऊन पोचत नाही, हवा दमट असते आणि मुळाशी पाणी साचत नाही. घरी नेचे लावायचे तर या तिन्ही गोष्टी आपण पुरवायच्या.

बडोद्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो. तेव्हा पावागडच्या खडकांवरही नेचे दिसतात. एप्रिल-मेमध्ये मात्र पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि पानांच्या कडा करपतात. मग आपण तांब्यामागून तांब्या ओततो आणि मुळे कुजतात. कोरडी असते ती हवा. पाणी मात्र आपण मातीला पाजतो!

त्यापेक्षा लहान कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी, मधल्या जागेत रेती भरावी आणि ती रेती ओली ठेवावी. दोन्ही कुंड्यांची भोके मोकळी हवीत. तळाला विटांचे तुकडे, वर एक भाग माती व दोन भाग कुजलेला पाला. जागा घराच्या उत्तरेला, आंब्याखाली किंवा पाण्याच्या माठाजवळ. बोअरचे पाणी खारट असेल तर ते वापरू नये.

नेच्याला फूल नाही, बीही नाही. पानामागचे किंवा कडेचे तपकिरी ठिपके ही कीड नव्हे, ती बीजाणूंची घरे. पुष्कळ जण उगाच त्यावर औषध फवारतात. बीजाणूतून नखाएवढा हिरवा पापुद्रा उगवतो आणि त्यावरील फलन पाण्याच्या पातळ थरातूनच होते. म्हणून ओलाव्याची ही ओढ.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. कुंडीखाली पाण्याची बशी ठेवू नये. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्याकाठी अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. बशी हवीच असेल तर रेतीने काठोकाठ भरावी. रिकामी बशी आठवड्यातून एकदा घासून धुवावी, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

पावसाळा सरल्यावर रानातल्या हंसराजाची पाने वाळतात. झाड मेले समजून कुंडी उकिरड्यावर टाकू नका. गड्डा जिवंत असतो. कुंडी सावलीत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे. जूनच्या पावसानंतर नवी पाने फुटतात.