लहान अंडं, तरुण कोंबडी

तलंग अंड्यावर आली की घरात कौतुक होतं, आणि ते पहिलं अंडं तळहातावर घेतलं की हिरमोड. एवढंसंच? वजन केलं तर गावरान तलंगेचं पहिलं अंडं बऱ्याचदा 30-35 ग्रॅमच्या आसपास भरतं. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. कोंबडीत दम नाही, जात हलकी निघाली, कोंबडा नाही म्हणून असं होतं, बाजार दाखवा तिला. परसात चार-सहा कोंबड्या सांभाळणाऱ्यांनी यातलं काही ना काही ऐकलेलं असतंच. आणि यातलं बहुतेक खोटं असतं.

कोंबड्याचा मुद्दा आधी निकालात काढू. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. आकाराशी त्याचा काडीचा संबंध नाही.

जात सोडली तर अंड्याच्या आकारावर सर्वात मोठा हात असतो तो कोंबडीच्या वयाचा. अंडं घडतं ते आतून बाहेर. अंडाशयात बलकाचे लहानमोठे गोळे असतात आणि सुटण्याआधीच्या 7 ते 10 दिवसांत एकेक गोळा झपाट्याने भरतो. तलंगेच्या अंगात एकाच वेळी बरेच गोळे वाढीला लागतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला माल कमी येतो आणि लहानच बलक सुटतो. वय वाढतं तसा सुटण्याचा वेग मंदावतो, एकेक बलक अधिक भरतो. बलक मोठा, म्हणून त्याभोवतीचं पांढरंही जास्त आणि वरचं टरफलही मोठं. पांढरं चढायला सुमारे 3 तास लागतात, टरफलाला जवळपास 20. एका अंड्यामागे कोंबडीचा एक अख्खा दिवस, वर तास-दोन तास जातात.

ही वाढ सुरुवातीला भरभर होते. फार्मवरची संकरित कोंबडी 18-20 आठवड्यांची झाली की अंडी सुरू करते, तेव्हा ती 40-45 ग्रॅमची असतात. पुढच्या तीन-चार महिन्यांत तीच कोंबडी 55 ग्रॅमच्या पुढे जाते. नंतर वाढ होत राहते, पण संथ. गावरान कोंबडी अंड्यावरच उशिरा येते, सहा-सात महिन्यांची होऊन, आणि दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते. त्यामुळे तिच्या अंड्यांची वाढ रोजच्या रोज कळत नाही, पहिल्या खेपेची आणि पुढच्या खेपेची अंडी शेजारी ठेवली की कळते. पण गावरानचं अंडं पूर्ण वाढीलाही साधारण 40-45 ग्रॅमवर थांबतं. तिच्याकडून फार्मच्या मापाची अपेक्षा करणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

‘लवकर अंड्यावर आली, छान झालं’ हेही घाईचं बोलणं. पहिल्या अंड्याच्या वेळी कोंबडीचं अंग किती भरलंय, यावर तिच्या पुढच्या अंड्यांचा आकार बराच अवलंबून असतो. रात्री दिवे लावून उजेड वाढवला की पोरसवदा तलंग लवकर अंडी घालायला लागते खरी, पण अंग भरायच्या आत सुरुवात झाली तर अंडी पुढेही लहानच राहतात. दोन-तीन आठवडे उशीर झाला तर बिघडत काही नाही.

आता दुसरं टोक. ‘म्हातारी झाली, अंडी बारीक होणार’ असं म्हणून जुनी कोंबडी कापली जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. वयाबरोबर अंड्यांची संख्या घटते, आकार नव्हे. पिसं झाडून पुन्हा अंड्यावर आलेली कोंबडी तर आधीपेक्षा मोठी अंडी देते. तिचं दुखणं वेगळंच असतं, ते म्हणजे टरफल. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. अंडं मोठं झालं म्हणून कोंबडी त्या प्रमाणात कॅल्शियम वाढवत नाही, तेवढाच माल मोठ्या पृष्ठभागावर पसरते. तलंगेचं अंडं वाटीच्या काठावर एकदा आपटून फुटत नाही, दोनदा आपटावं लागतं. तीन वर्षांच्या कोंबडीचं टोपलीतच तडकतं. फोडल्यावरही फरक दिसतो. तलंगेच्या अंड्याचं पांढरं घट्ट, बलकाला बिलगून राहणारं, तर वयस्क कोंबडीचं ताजं अंडंही तव्यावर पसरतं. पांढरं पातळ म्हणजे अंडं शिळंच, असं म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी हे लक्षात घ्यावं.

टरफलासाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, कोंबडी गरजेपुरता उचलते. मात्र ‘लहानपणापासून दिला तर अंडी टणक होतील’ हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. अंडी देणाऱ्या कोंबडीचं कॅल्शियमयुक्त खाद्य वाढत्या पिल्लांना घातलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. तुरा लाल झाला, पाठीवर हात ठेवल्यावर तलंग दबून बसायला लागली, की मग चुरा ठेवावा.

सुरुवातीच्या दिवसांत विचित्र अंडीही येतात. दोन बलकांचं, बिनटरफलाचं मऊ, किंवा लिंबाएवढं, ज्यात बलकच नाही. घरातली मोठी माणसं दचकतात. कोंबडीची आतली घडी अजून बसायची असते, एवढाच त्याचा अर्थ. एकदम दोन बलक सुटले की जोडअंडं होतं. काही आठवड्यांत हे थांबतं. काळजी करायची ती वेगळ्या वेळी: मोठी अंडी देणारी कोंबडी अचानक लहान द्यायला लागली तर. बहुधा एप्रिल-मेचं ऊन कारण असतं. विदर्भ-मराठवाड्यात त्या दिवसांत कोंबडी खाणंच कमी करते, प्रथिनं कमी पोचतात आणि अंडं लहान होतं. सावली, गार पाणी आणि पहाटे-संध्याकाळी दिलेलं खाद्य याचा उपयोग होतो. नुसता मका-ज्वारी वाढवून मात्र काही होत नाही, कारण कमी पडतात ती प्रथिनं. आणि आज चांगलं खाऊ घातलं म्हणून उद्या अंडं मोठं येत नाही, बलक भरायला लागणारे आठ-दहा दिवस तरी थांबावंच लागतं.

बाजारात या सगळ्याचा आणखी एक घोळ आहे. अंडं लहान आणि तपकिरी असलं की ते गावरान समजून दुप्पट पैसे मोजले जातात. तपकिरी रंग जातीचा असतो. ऱ्होड आयलंड रेडसारख्या परदेशी जातीही तपकिरीच अंडी घालतात आणि अशी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या फार्मच्या पिंजऱ्यातही असतात. अशा फार्मवरच्या तलंगांची पहिल्या महिन्यातली अंडी लहान आणि तपकिरी, दोन्ही असतात. नुसतं बघून ती ओळखता येत नाहीत. खात्रीच्या घरून घ्यावीत, नाहीतर गावरान म्हणून जादा पैसे देऊ नयेत.

आपल्याकडे अंडी डझनावर विकली जातात, वजनावर नाही. ॲगमार्कच्या प्रतवारीत 38 ते 44 ग्रॅमचं अंडं लहान, 45 ते 52 मध्यम, 53 ते 59 मोठं आणि 60 च्या पुढचं अतिमोठं. म्हणजे 40 ग्रॅमची 18 अंडी आणि 60 ग्रॅमची 12 वजनाला सारखीच. पौष्टिकताही वजनाच्या हिशेबाने जवळपास सारखी, फक्त तलंगेच्या लहान अंड्यात बलकाचा वाटा किंचित कमी. केकची कृती करताना मात्र हे विसरू नका. ‘तीन अंडी’ लिहिलंय म्हणून तलंगेची तीन घातलीत तर पीठ कोरडं राहील.

आणि एक शेवटचं, खास पिल्लं काढणाऱ्यांसाठी. पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश भरतं. 36 ग्रॅमच्या अंड्यातून 24 ग्रॅमचं पिल्लू निघतं, 48 च्या अंड्यातून 32 चं. म्हणून तलंगेची पहिली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. ती घरात खा, आणि उबवायला पुढच्या खेपेची, भरलेली अंडी निवडा.