शाकाहारी, मांसाहारी आणि केसपेपरवरील एक रकाना

रुग्णास दाखल करून घेताना केसपेपरवर 'आहार' हा रकाना भरला जातो. तो मुख्यतः स्वयंपाकघराच्या सोयीसाठी असतो. परंतु नेमक्या त्याच वेळी नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो : शाकाहारी माणूस अधिक निरोगी की मांसाहारी? आमचे देणगीदारही तो विचारतात, आणि बहुतेकांचे उत्तर आधीच ठरलेले असते.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील सुमारे ४८,००० व्यक्तींचा १८ वर्षे मागोवा घेतला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मांसाहारींच्या तुलनेत शाकाहारी गटात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार २२ टक्क्यांनी कमी, मात्र पक्षाघात २० टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिका व कॅनडातील ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती पंथीयांच्या पाहणीत (२०१३) शाकाहारींमधील मृत्यूचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी होते. हा लाभ पुरुषांत ठळक दिसला, स्त्रियांत तितका नाही.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. दोन ताळेबंदांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींच्या हिशेबाची पद्धत एकच आहे ना, हे पाहण्याची आम्हांस सवय. ब्रिटनमधील शाकाहारी माणूस पुष्कळदा विचारपूर्वक शाकाहारी झालेला असतो. आपल्याकडे तो बहुधा घराण्याच्या रीतीने जन्मतःच तसा असतो. आपला मांसाहारीही अनेकदा आठवड्यातून एक-दोन वेळाच मासे-मटण खातो, वार सांभाळतो, श्रावण पाळतो. एरवी त्याच्या ताटातही भाकरी, भात व आमटीच असते.

पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची तपासणी केली. सन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत 'ब-१२' जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहारींना हा धोका चौपटीहून अधिक होता. विशेष म्हणजे सर्वाधिक कमतरता, ८१ टक्के, सुस्थितीतील शहरी मध्यमवर्गात होती! हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळते. भाजी कितीही ताजी असली तरी तीत ते नसते. चहापुरते दूध घेतल्याने गरज भागत नाही. कमतरता लांबल्यास रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, स्मरणशक्ती मंदावते, आणि घरचे ते वयाचे दुखणे समजतात.

स्त्रियांचा प्रश्न निराळाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. चूल एकच, रकान्यातील नोंदही एकच. परंतु मासिक पाळी व बाळंतपणाने स्त्रीच्या शरीरातील लोह घटते, आणि अनेक घरांत ती सर्वांच्या शेवटी जेवते. अशा घरी रविवारच्या रश्श्यातील तिचा वाटा किती, हे कोणत्याही केसपेपरवर लिहिलेले नसते.

म्हणून नातेवाइकांस विनंती की, दाखल करताना केवळ शाकाहारी वा मांसाहारी एवढेच न सांगता दूध किती, अंडी खातात का, उपवासाचे वार कोणते, हेही डॉक्टरांस सांगावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असल्यास तेही अवश्य कळवावे. त्या औषधाने 'ब-१२' कमी होऊ शकते, मग रुग्ण कोणत्याही आहाराचा असो.